ईयोबाचं वाक्य

काकांची माती होऊन तीन-चार दिवस झाले होते. हॉलमधला सोफा गॅलरीत सरकवलेला, खाली सतरंज्या, कोपऱ्यात शेजाऱ्यांकडून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टीव्हीच्या टेबलावर काकांचा फोटो, त्याला पांढऱ्या शेवंतीचा हार. नगरहून, राहुरीहून, थेट सोलापूरहून माणसं आलेली. सलाम करायचा, हात हातात घ्यायचा, जागा मिळेल तिथं टेकायचं. पंखा फुल्लवर होता तरी शेवंतीचा आणि घामाचा मिळून एक जड वास खोलीत साचला होता. संध्याकाळी प्रार्थना ठरली होती, पण पाळकसाहेबांना यायला उशीर होत होता. तेव्हा मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ उभे राहिले, चष्मा लावला आणि बायबल न उघडताच म्हणाले, "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!" मग त्या वाक्यावर बोलायला लागले. चांगलं बोलत होते. आवाज खर्जातला, ठिकठिकाणी थांबणारा. मावशी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. त्या मध्येच, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, ते ईयोबानं म्हटलंय. त्याला भेटायला आलेल्यांनी नाही." आणि उठून चहाचं बघायला आत गेल्या.

कुणीतरी घाईघाईनं गीत काढलं, तेही दोन पट्ट्या वर.

जिन्यावरून उतरताना कुणी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. त्या गृहस्थांविषयी मनात राग म्हणावा तर तसंही नव्हतं. काकांच्या दवाखान्याच्या दिवसांत रात्री-अपरात्री धावून जाणारे, रक्ताच्या बाटलीसाठी ओळखी काढणारे, मावशींना जबरदस्तीनं घरी झोपायला पाठवून स्वतः बाकावर रात्र काढणारे तेच होते. तेव्हा त्यांनी एकही वचन सांगितलं नव्हतं. हात रिकामे झाले तसं तोंड उघडलं. आपल्या सगळ्यांचंच असं होतं बहुतेक. करण्यासारखं काही उरलं नाही, की आपण बोलायला लागतो.

त्या रात्री बायबलातलं ईयोबाचं पुस्तक उघडलं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, त्यामुळे ती आपल्याला माहीत आहे असा समज. खरं म्हणजे मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवतात ती पहिल्या दोन अध्यायांची गोष्ट. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड उठले, तो राखेत बसला, तरी देवाला नावं ठेवली नाहीत. पुस्तकाचे अध्याय 42. तिसऱ्याच अध्यायात हा सोशिक माणूस आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो, आणि तिथून पुढे जे सुरू होतं ते कुठल्याही शब्बाथ शाळेच्या तक्त्यावर मी पाहिलेलं नाही. तो भांडतो. देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि ते मित्र! त्यांची तर मला कीव येते. आले तेव्हा किती शहाण्यासारखे वागले होते: सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथंच उठून गेले असते तर सांत्वन कसं करावं याचा धडा म्हणून जगानं त्यांची नावं घेतली असती. पण त्यांना राहवलं नाही. देवाची बाजू मांडायला लागले. सगळं बिनचूक, शास्त्राला धरून. आणि शेवटच्या अध्यायात देव काय म्हणतो? माझ्याविषयी बोलावं तसं तुम्ही बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ज्यानं तक्रार केली तो बरोबर आणि ज्यांनी बाजू घेतली ते चूक! मी हे पूर्वी वाचलं नव्हतं असं नाही. पण दाराच्या चौकटीला टेकून कुणीतरी मला ते वाचून दाखवावं लागलं.

आमच्या घरी भिंतीवर वचनांचं कॅलेंडर असायचं. अजूनही असतं. प्रत्येक महिन्याला एक निसर्गचित्र, बहुधा कुठल्या तरी परक्या देशातलं तळं, आणि खाली एक ओळ. आता तेच काम मोबाइल करतो. पहाटे साडेपाचला सूर्योदय आणि वचन, त्यावर पुन्हा चमचमणारी कबुतरं. गेली काही वर्षं ते पाहून मला कंटाळा येत आला आहे आणि त्या कंटाळ्याचा थोडा अपराधीपणाही. कारण माझ्या आईला ते कॅलेंडर पुरायचं. वडिलांची गिरणी बंद पडली त्या वर्षी ती सकाळी चहाच्या आधी कॅलेंडरासमोर उभी राहून ती एक ओळ ओठ हलवत वाचायची आणि कामाला लागायची. तिला त्यात काय मिळत होतं हे मला सांगता येणार नाही, पण मिळत होतं हे मी पाहिलं आहे. तेव्हा कॅलेंडराला हसण्याचा मला काही हक्क नाही. तक्रार आहे ती निवडीविषयी. बायबलात स्तोत्रं 150. त्यांतली कितीतरी रडण्याची, कण्हण्याची, अगदी खडसावून विचारण्याची. चव्वेचाळिसाव्या स्तोत्रात तर देवाला सरळ विचारलं आहे की झोपलायस का, जागा हो. ही ओळ तळ्याच्या चित्राखाली छापायची कुणाची छाती होत नाही.

आजोबांचं बायबल माझ्याकडे आलं तेव्हा त्याच्या मधल्या पानांत तमालपत्रं होती. कसर लागू नये म्हणून आजीनं ठेवलेली. काळं कव्हर कोपऱ्यांवर झिजून करडं झालेलं, कडांचा लाल रंग बोटांच्या जागी उडालेला. आजोबा पुष्कळ खुणा करायचे. 'परमेश्वर माझा मेंढपाळ' म्हणणाऱ्या तेविसाव्या स्तोत्राशेजारी तर इतक्या बारशा-लग्नांच्या नोंदी, की मेंढपाळालाच जागा उरलेली नाही. पण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राजवळ समासात पेन्सिलीनं, टोक घासून घासून लिहावं तसं, एवढंच आहे: "सन 72. विहीर आटली." हे स्तोत्र ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत असेल. बाकीची रडणारी स्तोत्रं शेवटी वळण घेतात, "तरीही मी तुझी स्तुती करीन" म्हणून कुठेतरी उजाडतं. हे वळत नाही. काळोखात सुरू होतं आणि काळोखावरच संपतं. त्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला जात होते, घरात लाल मिलोच्या भाकरी आणि पोरांना सुकडी, हे सगळं मी ऐकलेलं. तसे ते भाविक गृहस्थ, रविवार कधी चुकवला नाही, भजनात मृदंगावर बसायचे. विहीर आटली तेव्हा त्यांनी दिलाशाचं वचन शोधलं नाही, किंवा शोधलं असेल आणि सापडलं नसेल. त्यांना आपल्याइतकाच निराश झालेला एक माणूस सापडला, आणि तो बायबलात होता.

शेजारी "आमेन"सुद्धा लिहिलेलं नाही.

आजीचा मार्ग वेगळा. तिला वाचता येत नव्हतं. तिला ऐकायचं आणि पाहायचं असे. ख्रिस्ताच्या गोष्टीचा आणि पडद्याचा संबंध आपल्याकडे तसा जुना. 1910-11च्या सुमाराला मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला, आणि पडद्यावर येशू सरकत असताना त्यांना मनात राम आणि कृष्ण दिसायला लागले. त्यातून 1913चा 'राजा हरिश्चंद्र'. मला ही हकीकत फार आवडते. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या मनात जाऊन त्याचीच होऊन बसली, कुणी कुणाचं काही हिरावलं नाही. आमच्या गावात पडदा आला तो पुष्कळ नंतर, 'दयासागर'चा. मूळचा 1978चा तेलुगू 'करुणामयुडू'. हिंदीत आणलेला, आणि गावोगाव फिरवलेला. चर्चच्या आवारात दोन बांबूंना पांढरी चादर ताणलेली, जनरेटरचा धूर, प्रोजेक्टरच्या झोतात घिरट्या घालणारे पतंग, आणि चादरीच्या मागच्या बाजूला बसलेली आम्ही पोरं, कारण तिथं मोकळी जागा असायची. उलटा दिसणारा का होईना, येशू तोच. ख्रिस्ती, बिगरख्रिस्ती, सगळा गाव लोटायचा. वाऱ्यानं चादर फुगली की येशूचं तोंड फुगायचं आणि आम्ही हसून चिमटे खायचो.

वधस्तंभाचं दृश्य आलं की बायकांच्या बाजूनं हुंदके सुरू व्हायचे. आजी तर पदराचा बोळा तोंडात धरून रडायची. एकदा माझा एक चुलतभाऊ, त्याला सगळं येतं हे दाखवायची हौस, तिला म्हणाला, "आज्जे, रडती काय? तिसऱ्या दिवशी उठणारे तो." आजी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उठंल तवा उठंल. आता मारत्यात ना त्याला?"

ती आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा पुनरुत्थानाच्या उपासनेला गेलेली बाई. शेवट तिला ठाऊक होता. पण शेवट ठाऊक आहे म्हणून मधलं दुःख ओलांडून जायला ती तयार नव्हती. पुढे मी बायबलच्या काळातले किती तरी भव्य चित्रपट पाहिले, रथांच्या शर्यतींचे, समुद्र दुभंगण्याचे. डोळे दिपले. पण त्या फुगणाऱ्या चादरीसमोर बसून रडण्याची सर त्यांतल्या एकालाही नाही. आता तो चित्रपट लावला तर अभिनय भडक वाटतो, दाढ्या चिकटवलेल्या दिसतात. तरीही तो बंद करवत नाही.

पुस्तकांत मला सगळ्यात जास्त धीर दिला तो लक्ष्मीबाई टिळकांनी. रविवारी आम्ही गातो ती गीतं त्यांच्या यजमानांची, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. ते आमच्या मंडळ्यांचे लाडके कवी, तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारे. त्यांचा बाप्तिस्मा 1895चा. आमच्याकडे तो आनंदाचा प्रसंग म्हणून सांगितला जातो, आणि 'स्मृतिचित्रे' हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र हातात घेईपर्यंत मीही तसाच ऐकला होता. लक्ष्मीबाईंच्या बाजूनं पाहिलं तर त्या दिवशी एक घर मोडलं. नवरा परका झाला, पदरात लहान मूल, नातेवाइकांच्या दारी राहणं, आणि वेड लागेल अशी अवस्था. पुढे त्या टिळकांकडे आल्या, 1900 साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. नंतर लिहायला बसल्या तेव्हा त्या जुन्या दिवसांना "सगळी देवाची योजना होती" असा मुलामा देणं किती सोपं होतं! त्या देत नाहीत. ख्रिस्ती वाचक म्हणून मला त्या पानांशी अवघडायला होतं. ज्या श्रद्धेनं मला वाढवलं तिची कुणाला तरी काय किंमत मोजावी लागली, याचा हिशेब तिथं मांडलेला आहे आणि तो कुणावर रागावून मांडलेला नाही, म्हणून जास्त लागतो.

आणि तरीही ते हसायला लावणारं पुस्तक! आईच्या आजारपणात रात्री दवाखान्यात मी ते घेऊन बसायचे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईचं मराठी असं, की कानात कुणी पुटपुटतंय असं वाटावं. विक्षिप्त, तापट, हातात पैसा न टिकणारा, दारी येईल त्याला देऊन टाकणारा नवरा, आणि त्याच्या मागे आवरत, सावरत, फटकारत, स्वतःवरच हसत चाललेली ती. एका रात्री मी इतकी फसकन हसले की शेजारच्या खाटेवरच्या आजींनी "काय गं?" विचारलं. मी त्यांना तो भाग वाचून दाखवला. त्या हसल्या. मग त्यांची सून उठून बसली आणि तिलाही पहिल्यापासून वाचून दाखवावा लागला. सलाइनच्या बाटल्यांखाली आम्ही तिघी तोंडावर हात धरून हसत होतो. पिशवीत बायबलही होतं. त्या रात्री ते उघडलं नाही, आणि काही राहून गेलं असंही वाटलं नाही. टिळकांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे याच बाईनं पूर्ण केलं, हे मात्र आमच्या चर्चमध्ये फार कमी वेळा सांगतात.

पुण्याहून दौंडकडे गाडी निघाली की केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीनं गमावलेली ही बाई पुढच्या दुष्काळात अनाथ मुली गोळा करत हिंडली आणि उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला बसली. तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून टाइप जुळवले जात. 1921मध्ये तिची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. 1922च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं ते 1924मध्ये. त्या मधल्या महिन्यांचा विचार माझ्या मनात गाडी केडगावला थांबली की हटकून येतो. मुलगी पुरून आलेली आई मुद्रितं तपासते आहे. शास्त्रातून तिला दिलासा मिळत होता की कामातून, की दोन्ही वेगळं करताच येत नव्हतं? माझा कल कामाकडे आहे. मावशींनी चहाचं पाहायला उठावं तसंच ते असणार.

एक चित्रपट मात्र असा आहे, ज्याचा उल्लेख मी तरुण संघात केला तेव्हा दोन-तीन भुवया वर गेल्या होत्या. प्रभातचा 1936चा 'संत तुकाराम'. दूरदर्शनच्या ब्लॅक अँड व्हाइट संचावर तो पहिल्यांदा पाहिला. पागनिसांचा तुकाराम सुंदरच आहे, पण आजी आणि मी, आम्ही दोघीही गुंतलो त्या जिजाईत. पोर तापानं फणफणलंय, नवरा भजनात दंग, आणि ही बाई आजारी पोराला ओढत थेट देवळात शिरते, हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारते. आजीनं मान डोलावली. "बरोबर हाय तिचं." विठोबा आमचा देव नव्हे, देवळाची पायरी आजी चढली नसती. पण देवावर रागवायला आधी तो आपला असावा लागतो, हे तिला त्या बाईत ओळखू आलं असावं. तुकाराम देवाला आळवतो, जिजाई खडसावते, आणि दोघांचीही पोच एकाच ठिकाणी. आजही चव्वेचाळिसावं स्तोत्र वाचताना माझ्यासमोर कोणी दावीद-बिवीद येत नाही. गौरीबाईंची जिजाई येते, कमरेला पदर खोचलेली.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायातली मार्थाही त्याच जातीची. भाऊ मरून चार दिवस झाले, येशू उशिरा येतो, तर ही गावाबाहेर जाऊन त्याला गाठते आणि सलाम-नमस्कार सोडून पहिलं वाक्य ऐकवते: "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." मागून मरीया येते, तीही शब्दाला शब्द हेच म्हणते. म्हणजे चार दिवस घरात दोघी बहिणी हेच एकमेकींना म्हणत असणार. थोड्या वेळात तो मेलेला भाऊ, लाजार, उठून बाहेर येणार आहे. येशूला ते माहीत आहे. तरीही तिथं येशू रडला, असं लिहिलं आहे. माझ्या आजीसारखाच.

माझ्या भाचीला यातलं काही जुनं लागत नाही. ती 'द चोझन' पाहते, लोकांच्या वर्गणीतून उभी राहिलेली ती येशूवरची मालिका, लोकलमध्ये, मोबाइलवर, कानात बोंडं घालून. मला तिचं फार कौतुक नव्हतं. येशू विनोद करतो, लग्नात नाचतो, शास्त्रात नाहीत ते संवाद बोलतो. मी तिच्याशी वाद घातला, ती म्हणाली, "आत्या, तुमच्या दयासागरमध्ये तो हिंदीत गाणी म्हणायचा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिनं मला एक प्रसंग दाखवला. त्यातला येशूचा शिष्य धाकटा याकोब लंगडत चालतो. तो नटच खरोखर तसा आहे. बाकीच्यांना बरं करायला येशू त्याला पाठवतो आहे, आणि तो विचारतो, मग मला का नाही केलंस? येशू त्याला बरं करत नाही. समजावतो, जवळ घेतो, पण बरं करत नाही. शुभवर्तमानात हा प्रसंग कुठेच नाही, हे मी तिला लगेच सांगितलं. सांगताना माझा आवाज नीट नव्हता, म्हणून ती काही बोलली नाही. तिच्या स्वतःच्या पाठीच्या दुखण्यावर आमच्याकडे किती जणांनी किती वेळा हात ठेवून प्रार्थना केल्या, ते तिला आणि मला दोघींना माहीत आहे.

पुढच्या महिन्यात तरुण संघाच्या उपासनेत स्तोत्र वाचायचं तिच्याकडे आलं आहे. कोणतं वाचू म्हणून तिनं मला विचारलं. मी अठ्ठ्याऐंशीवं सांगितलं आणि आजोबांचं बायबलही दिलं, तमालपत्रांसकट. पाळकसाहेबांचं म्हणणं, पोरं तरुण आहेत, पुष्कळ जण नव्यानं येतात, दिलासा देणारं एकशेएकविसावं घ्यावं. त्यांचंही चूक आहे असं मला म्हणवत नाही. मीही संकटात ते कितीदा म्हटलं आहे. शेवटी दोन्ही वाचायचं ठरलं. आधी कोणतं आणि मग कोणतं, यावर कालपर्यंत त्या दोघांचं फोनवर चालूच होतं.